दहा मार्कांचा सहावा मुद्दा

‘अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध व ग्रीसचे स्वातंत्र्ययुद्ध यांचा परस्परसंबंध स्पष्ट करा’ हा प्रश्न आमच्या विद्यापीठात दहा मार्कांना यायचा. दोन-तीन वर्षांआड हमखास. त्याचं उत्तर मी पुण्याच्या एका कॉलेजात पंधरा वर्षं मुलांना उतरवून दिलं. उत्तरात सहा मुद्दे होते. पाच मला माझ्या सरांच्या वहीतून मिळाले होते. सहावा मी स्वतः घातला होता.

घातला म्हणजे रचला. हे वाक्य लिहायला मला वीस मिनिटं लागली, तेव्हा ते आता तसंच ठेवतो.

आमच्याकडे हिशेब ठरलेला होता. पाच मार्कांना तीन मुद्दे, दहाला सहा, वर चार ओळी प्रस्तावना आणि खाली समारोप. पेपर तपासणारा मुद्दे मोजायचा, वाचायचा नाही. हे मी खात्रीनं सांगतो, कारण मीही तपासायला बसायचो आणि मीही मोजायचो. चहा येईपर्यंत पंचवीस पेपर हातावेगळे करणारा माणूस आमच्यात हुशार गणला जायचा. नोकरीच्या पहिल्या वर्षी हा प्रश्न शिकवायला घेतला तेव्हा सरांच्या वहीत पाचच मुद्दे निघाले. ग्रीकांनी आपला जाहीरनामा काढताना अमेरिकेचा आदर्श समोर ठेवला, हा पहिला. उठाव होताच त्यांनी अमेरिकेच्या जनतेला मदतीचं आवाहन केलं, हा दुसरा. अमेरिकेच्या अध्यक्षांनी भाषणात ग्रीकांना शुभेच्छा दिल्या, हा तिसरा. गावोगाव समित्या निघाल्या आणि पीठ, कपडे, पैसे जमा झाले, हा चौथा. काही तरुण स्वतः लढायला आणि जखमींची सेवा करायला गेले, त्यात बोस्टनचा एक डॉक्टर होता, हा पाचवा.

पाच मुद्दे म्हणजे मुलांचा दीड मार्क बुडणार. मी विचार केला, अमेरिकेचं आरमार तेव्हा भूमध्य समुद्रात फिरत होतंच. नवारिनोच्या उपसागरात युरोपीय राष्ट्रांनी तुर्कांचं आणि इजिप्तचं आरमार बुडवलं, त्यात तेही असणार. मी लिहिलं : ‘नवारिनोच्या लढाईत अमेरिकन युद्धनौकांनीही मोलाची कामगिरी बजावली.’ शेजारी पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलं, नंतर बघू म्हणून. ज्या पुस्तकात बघायचं ते विभागप्रमुखांच्या घरी होतं आणि ते मागायचं धाडस माझ्यात नव्हतं. चार वर्षांनी वही फाटली तेव्हा मी सगळं नव्या वहीत उतरवून घेतलं. प्रश्नचिन्ह उतरवलं नाही. त्यानंतर ते सत्यच झालं. मुलांनी पाठ केलं, परीक्षकांनी बरोबरची खूण केली, आणि मीही मला उत्तर माहीत आहे अशा समजुतीत पंधरा वर्षं खुर्चीवर बसलो.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर आम्ही ऑकलंडला आलो. बायको फार्मसिस्ट. इथली परीक्षा तिनं दुसऱ्या खेपेला काढली आणि तिला औषधाच्या दुकानात नोकरी लागली. मला इथल्या विद्यापीठांनी फार सभ्य पत्रं पाठवली. ती मी एका फाइलीत लावली आणि ईस्ट टामाकीला एका गोदामात खोकी मोजायला लागलो. पहाटे साडेपाचला जायचं, दुपारी अडीचला सुटायचं. खोक्यांत शॅम्पू असे, कधी कुत्र्याचं खाणं.

आमची मराठी मंडळी महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमत. प्रत्येकानं एक पदार्थ आणायचा. त्या जमावात उतरंड होती आणि ती कुणालाही न सांगता कळायची. इस्पितळात नोकरी लागलेले डॉक्टर सोफ्यावर. परीक्षा देत असलेले डॉक्टर जेवणाच्या टेबलाभोवती. दूरच्या ‘ते रापा’ नावाच्या गावातल्या दूध कारखान्यात काम करणारा एक डॉक्टर यायचा, तो बहुधा दारातच उभा असायचा. आणि मी ताटं उचलायचो. एकदा सोफ्यावरून एक जण मला म्हणाला, ‘काय सर, आज किती साम्राज्यं लोड केली?’ सगळे हसले. मीही हसलो, कारण घरी जाताना त्याच्याच गाडीतून जायचं होतं. मला त्या लोकांचा तिटकारा यायचा. पण खरं सांगायचं तर तो तिटकारा नव्हता. माझी जागा सोफ्यावर आहे आणि चुकून मला उभं केलंय, अशी ती तक्रार होती. मला तिथं बसवलं असतं तर दारातल्या डॉक्टरला मीच पहिला टोमणा मारला असता.

अशा माणसाला कुणीतरी खालचा लागतो. मला तो अवोन्डेलमध्ये आमच्या घराजवळ मिळाला.

कोपऱ्यावरच्या डेअरीला, म्हणजे इथल्या किराणा दुकानाला, लागून फिश अँड चिप्सचं दुकान होतं. चालवणारा ग्रीक, पासष्टीचा, रुंद, हातावर तेलाच्या जुन्या डागण्या. बायको वारलेली, मुलगी ऑस्ट्रेलियात. शुक्रवारी गोदामाचा पगार झाला की मी तिथं चिप्स घ्यायला जायचो. एकदा त्यानं विचारलं, तिकडे काय करायचास? मी म्हणालो, प्रोफेसर. मी लेक्चरर होतो. आपल्याकडे सगळ्यांनाच प्रोफेसर म्हणतात. इथं तसं नाही, हे मला त्या सभ्य पत्रांवरून चांगलं कळलेलं होतं. तरी मी म्हणालो. त्यानं हातातला झारा खाली ठेवला, अॅप्रनला हात पुसला आणि काउंटरवरून पुढे केला. त्या दिवसापासून तो मला प्रोफेसर म्हणू लागला आणि चिप्स दोन माणसांना पुरतील इतके देऊ लागला. मी घरी त्याचा उल्लेख ‘तो मासेवाला’ असा करायचो. बायको ‘ते आजोबा’ म्हणायची.

फेब्रुवारीत एका शुक्रवारी त्यानं दुकान रिकामं होईपर्यंत मला थांबवून घेतलं. त्यांच्या लोकांचा स्वातंत्र्यदिन मार्चच्या शेवटी असतो. जवळच्या रविवारी भाड्याच्या हॉलमध्ये सगळे जमतात, झेंडा, नाच, जेवण, आणि कुणातरी शिकलेल्या माणसाचं भाषण. या वर्षी अमेरिकन वकिलातीतला एक पाहुणा येणार होता, म्हणून विषय ठरला होता : अमेरिका आणि ग्रीस. आणि बोलायला त्यांच्या समितीनं या वेळी त्याला सांगितलं होतं. छत्तीस वर्षं त्या हॉलमध्ये त्याला एकाच कामासाठी बोलावत आले होते, मागच्या स्वयंपाकघरात मासे तळायला. भाषण वकील करायचा, नाहीतर हिशेबनीस.

‘मी चौथीपर्यंत शिकलोय,’ तो म्हणाला. ‘तुम्ही लिहून द्या, प्रोफेसर. मी वाचीन. एकदाच.’

हे सांगताना त्याचा चेहरा असा झाला होता की चांगल्या माणसाला भरून आलं असतं. माझ्या मनात आलं, याला काय, काहीही लिहून दिलं तरी चालेल.

सोमवारी त्याचं दुकान बंद असायचं. तीन सोमवार दुपारी मी तिथं गेलो. काउंटरमागे दोन स्टुलं, मध्ये उलटा क्रेट, त्यावर कागद. मी माझं उत्तर इंग्रजीत सांगायचो, प्रस्तावनेपासून, वर्गात सांगायचो त्याच लयीत, स्वल्पविरामासकट. तो मान खाली घालून लिहून घ्यायचा. इंग्रजी वाक्यं तो आपल्या ग्रीक अक्षरांत उतरवायचा. फार दिवसांनी कुणीतरी माझ्यासमोर लिहून घेत होतं. मला इतकं बरं वाटलं की त्याची लाज आज वाटते.

दुसऱ्या सोमवारी, पीठ आणि कपड्यांच्या मुद्द्यावर, त्यानं पेन ठेवलं. तो एजिना बेटावरचा. म्हणाला, आमच्या बंदराला एक धक्का आहे, त्याला लोक अजून अमेरिकन धक्का म्हणतात. लढाईतून पळून आलेली माणसं बेटावर उपाशी होती. तो बोस्टनचा डॉक्टर जहाजातून आलेलं पीठ घेऊन आला. पण त्यानं ते नुसतं वाटलं नाही. डॉक्टर म्हणाला, धक्का बांधा आणि दिवसाचं पीठ घेऊन जा, म्हणजे तुम्ही भिकारी होणार नाही. बायका, म्हातारे, सगळ्यांनी दगड वाहिले. त्याच्या पणजीची आजी त्यात होती. खांद्यावर दगडाचा वळ होता, तो तिनं मरेपर्यंत पोरांना दाखवला.

‘हे घालायचं का?’ धक्क्याच्या दोन ओळी लिहून त्यानं विचारलं.

मी विचारलं, याला पुरावा काय?

तो जरा गोंधळला. ‘मी लहानपणी त्या धक्क्यावर बसून मासे धरलेत.’

मी हसलो. वर्गात एखादा मागच्या बाकावरचा मुलगा ‘सर, आमच्या गावाला पण किल्ला आहे’ म्हणाला की हसायचो तसा. त्याला समजावलं की ही आख्यायिका आहे, इतिहास वेगळा असतो, आणि पाहुण्यांपुढे घरगुती गोष्टी शोभत नाहीत. खरं कारण इतकंच होतं की माझ्या सहा मुद्द्यांत धक्का बसत नव्हता. त्यानं लिहिलेल्या दोन ओळी खोडल्या. व्यवस्थित, पट्टी लावून खोडल्या.

तिसऱ्या सोमवारी सहावा मुद्दा आला. मी सांगितलं, नवारिनोच्या लढाईत अमेरिकन युद्धनौकांनी मोलाची कामगिरी बजावली. त्याचं पेन थांबलं.

‘नवारिनोला? अमेरिकन?’

मी म्हणालो, हो.

‘शुअर, प्रोफेसर?’

‘पंधरा वर्षं शिकवलंय,’ मी म्हणालो.

त्यानं लिहून घेतलं.

रविवारी कार्यक्रम. त्याआधीच्या गुरुवारी मी कामावरून येताना अवोन्डेलच्या लायब्ररीत शिरलो. तपासायला नव्हे. तपासायचं माझ्या डोक्यातही नव्हतं. मला लढाईची तारीख हवी होती, कारण तारीख घातली की भाषण भारदस्त होतं. ग्रीसच्या इतिहासाचं एक जाड पुस्तक सापडलं. त्यात नवारिनोला वेगळं प्रकरण होतं, नकाशासकट. इंग्रजांची जहाजं, फ्रेंचांची, रशियनांची. अमेरिकेचं एकही नव्हतं. मी नकाशावर बोट फिरवून पुन्हा पाहिलं, जणू एखादं कोपऱ्यात राहून गेलं असेल.

पुढे वाचत गेलो. अमेरिकेनं काय केलं ते होतं, आणि ते वाचून माझ्या पाच मुद्द्यांचीही दैना झाली. ज्या भाषणात अध्यक्षांनी ग्रीकांना शुभेच्छा दिल्या, त्याच भाषणात युरोपला बजावलं होतं की आमच्या बाजूला येऊ नका, आम्हीही तुमच्या भांडणात पडणार नाही. शुभेच्छा फुकट होत्या. ग्रीकांनी न्यूयॉर्कला दोन लढाऊ जहाजं बांधायला दिली, तर बांधणाऱ्यांनी खर्च इतका फुगवला की एक जहाज विकून दुसरं सोडवावं लागलं. स्वातंत्र्याच्या नावानं गळा काढणाऱ्या देशानं स्वातंत्र्य मागणाऱ्यांना असं नागवलं. तिकडे घरच्या शेतांवर गुलाम राबत होते आणि इकडे ग्रीकांच्या गुलामीवर सभांतून अश्रू. यातलं काही सरांच्या वहीत नव्हतं. सरांना ठाऊक नसेल, किंवा मार्कांना लागत नसेल.

आणि त्याच पानावर, खाली, एजिनाचा धक्का होता. डॉक्टर, पीठ, दगड वाहणाऱ्या बायका. सगळं.

लायब्ररीपासून त्याचं दुकान दोनशे पावलांवर होतं. गुरुवार संध्याकाळ, दुकान उघडं होतं. मी रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथनं घरी गेलो, म्हणजे काचेतून त्याला दिसू नये.

बायकोला मी जेवताना सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण तिला माझ्या चेहऱ्यावरून कळतं. ती म्हणाली, ‘अहो, मग आत्ता जा ना. नऊपर्यंत असतात ते.’

मी म्हणालो, बघतो.

‘बघतो काय? आमच्याकडे चुकीची गोळी गेली हे लक्षात आलं ना, की आम्ही पेशंटच्या घरी फोन करतो. हातातलं सोडून.’

‘इतिहासानं कुणी मरत नाही,’ मी म्हणालो.

ती मग मुलीच्या शाळेच्या गणवेशाला इस्त्री करायला उठली. मुलीनं टीव्हीवरून मान न वळवता विचारलं, ‘व्हॉट डिड बाबा डू?’ तिची आई म्हणाली, अजून काही नाही.

शुक्रवारी मी चिप्स आणायला गेलो नाही. शनिवारीही नाही. त्या दोन दिवसांत मी स्वतःला काय काय सांगितलं ते आठवतं. आता बदललं तर तो गोंधळेल. इतके दिवस पाठ केलंय बिचाऱ्यानं. आणि या सगळ्याच्या तळाशी, अगदी स्पष्ट शब्दांत : मासे तळणारे आणि चांभार आणि शिंपी, त्या हॉलमध्ये कुणाला काय कळतंय. हा विचार मी केला. दुसऱ्या कुणी केला असता तर मी त्याच्यावर लेख लिहिला असता.

रविवारी त्यानं मला पहिल्या रांगेत बसवलं. तपकिरी सूट, बहुधा लग्नातला, बटण लागत नव्हतं. तो सगळ्यांना सांगत होता, हा माझा मित्र, इंडियातला प्रोफेसर. मुलं निळ्या-पांढऱ्या कपड्यांत नाचली. मग तो उभा राहिला. कागद दोन्ही हातांत धरून, मी शिकवलं होतं तिथं थांबत, त्यानं पाच मुद्दे वाचले. लोक ऐकत होते. म्हणजे खरोखर ऐकत होते. माझ्या वर्गात कधी कुणी तसं ऐकलं नव्हतं. मग त्यानं नवारिनो वाचलं.

पाहुणा तरुण होता. त्यानं भुवया किंचित वर केल्या आणि लगेच हसून मान डोलावली. वकिलातीत तेवढं शिकवत असावेत. पण तिसऱ्या रांगेत एक म्हातारी बाई होती, ग्रीसमध्ये शाळेत शिकवून निवृत्त होऊन मुलाकडे आलेली. टाळ्या संपल्यावर ती बसूनच म्हणाली, पाहुण्याला कळावं म्हणून इंग्रजीत, ‘नवारिनोला अमेरिकन कधी आले? आम्हाला कुणी सांगितलंच नाही.’

हॉल हसला. दुष्टपणानं नव्हे, जेवणाआधी लोक हसतात तसा. मागून कुणीतरी ओरडलं, ‘अॅडमिरल,’ आणि मग पुन्हा हसू. बाई पुढे म्हणाली, तू एजिनाचा ना, मग आपल्या धक्क्याचं सांगायचंस, तो तरी आमच्यातल्या कुणी पाहिलेला नाही.

तो कागदाकडे बघत होता. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. आरोप म्हणून नव्हे. एखादा मुलगा तोंडी परीक्षेत अडकला की सरांकडे बघतो तसं. मला फक्त उभं राहायचं होतं. ‘चूक माझी आहे,’ तीन शब्द. मी खाली बघितलं. माझ्या बुटावर गोदामातल्या खोक्याची चिकटपट्टी लागलेली होती, ती मी दुसऱ्या बुटानं काढत बसलो.

‘माझी चूक,’ तो म्हणाला. ‘लिहिताना चुकलो मी.’

मग तो व्यासपीठावरून उतरला, मागच्या स्वयंपाकघरात गेला, आणि सुटावर अॅप्रन बांधून मासे तळायला लागला. मी ते मासे खाल्ले. पाहुण्याच्या शेजारी बसून, दोनदा घेऊन.

पुढच्या शुक्रवारी मी दुकानात गेलो. वाटेत वाक्यं जुळवत गेलो. म्हणालो, माझी चूक झाली, माझ्या जुन्या टिपणांत ते तसं होतं. तो बटाटे तेलात सोडत होता.

‘मला ठाऊक होतं,’ तो म्हणाला. ‘इंग्लंड, फ्रान्स, रशिया. चौथीत शिकवतात. ग्रीसमध्ये शेळ्या राखणाऱ्या पोराला विचारा, तोही सांगेल. पण मी म्हटलं, मी चौथी, तुम्ही प्रोफेसर. नवीन काहीतरी सापडलं असेल.’

मग म्हणाला, चुका सगळ्यांच्या होतात, आणि मला पूर्वीइतकेच चिप्स बांधून दिले. मी ते घेऊन घरी आलो. हलकं वाटत होतं. बायकोनं पुडकं उघडता उघडता विचारलं, ‘गुरुवारीच कळलं होतं, हे सांगितलंत त्यांना?’

सांगितलं नव्हतं. क्षमा मी लहान गुन्ह्याची घेतली होती आणि मोठा खिशात तसाच घेऊन आलो होतो.

ते सांगायला मला पाच आठवडे लागले. एका संध्याकाळी गिऱ्हाईक नसताना मी सांगितलं, लायब्ररी, नकाशा, पलीकडचा फुटपाथ, सगळं. धक्क्याचंही. तो तेलावरचा फेस झाऱ्यानं काढत राहिला. मग एवढंच म्हणाला, ‘मला कशाला सांगता? ऐकलं त्या सगळ्यांनी.’

त्यांच्या पुढच्या जेवणाला मी गेलो. कुणी बोलावलं नव्हतं. आधी मी दोन पानं लिहिली होती, त्यात भारतीय परीक्षापद्धतीचे दोष होते, स्थलांतराची दुःखं होती. बायकोनं वाचून परत दिली. म्हणाली, ‘यात तुम्ही कुठे आहात?’ मग मी चार वाक्यं लिहिली आणि ती हॉलमध्ये उभं राहून वाचली. ते भाषण मी लिहिलं होतं. अमेरिकन जहाजांचं मी रचलं होतं. ते खोटं आहे हे मला तीन दिवस आधी कळलं होतं. त्याला धक्क्याचं सांगायचं होतं, ते मी खोडायला लावलं.

लोक टेबलं मांडत होते. म्हाताऱ्या शिक्षिकेनं माझं बोलणं ग्रीकमध्ये सांगितलं. मग मला विचारलं, ‘माहीत होतं, आणि पहिल्या रांगेत बसला होतात?’ मी हो म्हणालो. एक जण काहीतरी बोलला आणि बाकीचे हसले. काय म्हणाला, मी विचारलं. ‘म्हणतो, याला बटाटे सोलायला घ्या,’ ती म्हणाली. तिनं मला बसायला सांगितलं नाही, जायलाही सांगितलं नाही. मी अशी कल्पना केली होती की कुणी चिडेल, किंवा कुणी खांद्यावर हात ठेवेल. माझ्या कबुलीचं कुणाला काही पडलेलं नव्हतं. त्यांच्या लेखी तो अजूनही अॅडमिरलच होता. माझं बोलणं चालू असताना तो स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी होता. शेवटचं वाक्य संपल्यावर तो आत वळला.

दुसऱ्या वर्षी फेब्रुवारीत, रविवारच्या बाजारात मेथीची जुडी निवडत असताना ती शिक्षिका मला भेटली. समितीनं त्याला पुन्हा विचारलं होतं. तिनंच आग्रह धरला होता, आता तुझ्या धक्क्याचं बोल म्हणून, तुझ्याच भाषेत, कागद नको. तो नाही म्हणाला. मासे तळतो म्हणाला.

मी तसाच, हातात पिशव्या घेऊन दुकानाकडे गेलो. रविवारी तो दुपारनंतर उघडायचा, आत मासे साफ करत होता. मी म्हणालो, बोला तुम्ही. ते सगळं खरं आहे. मी पुस्तकात वाचलंय.

‘पुस्तकात वाचलंय,’ तो म्हणाला. ओठांच्या कोपऱ्यात हसल्यासारखं झालं. ‘नवारिनोचं मला येत होतं, प्रोफेसर. येत असून मी दुसरं वाचलं. आता मला जे येतं ते खरं की खोटं, हे मी कुणाला विचारायचं?’

मी त्याच्यासमोर उभा होतो. मला विचारावं असं त्याच्या मनातही आलं नाही. त्यानं पुढचा मासा घेतला.